सोळाचा पाढा आणि घसरलेले कौल



मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे शहापूर-मुरबाडकडच्या कौलारू घरांत कौले चाळण्याचा आठवडा. माकडांनी हलवलेली, उन्हाने तडकलेली कौले काढायची, चांगली पुन्हा बसवायची, कुजलेली रीप बदलायची, आणि पहिला पाऊस येण्याआधी माणसाने छपरावरून खाली उतरायचे. यंदा त्याच आठवड्यात आम्ही सापगावला आमच्या फुफीजानकडे गेलो होतो. शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागले की भातसा नदीच्या काठचे हे गाव. फुफीजानचे घर जुने, उंच जोत्यावरचे, माळ्याचे. वळचण अंगणापासून चांगली चार मीटर, म्हणजे तेरा फूट वर.

सकाळी भाईजान, म्हणजे फुफीजानचा मुलगा, छपरावर चढले होते. भाभी चुलीपाशी, आम्ही ओटीवर चहा घेत बसलेलो. अंगणात भाईजानचा चार वर्षांचा धाकटा मुलगा मातीत खेळत होता. फुफीजानने त्याला खजूर दाखवून आत बोलावले. तो ओटीची पायरी चढला आणि तेवढ्यात वरून एक कौल सुटले, उतारावरून घसरत वळचणीला आले आणि नेमके त्याच्या खेळण्याच्या जागी येऊन फुटले. आवाज ऐकून भाभी धावत बाहेर आल्या. पोर पायरीवर उभे, तोंडात खजूर. फुफीजानच्या तोंडून एकदम ‘या अल्लाह’ निघाले आणि त्या तशाच खाली बसल्या.

घरातला गलका शांत झाल्यावर जो तो आपले मत सांगू लागला. शेजारचे एक चाचा म्हणाले, “अरे, कौलच ते. दोन-अडीच किलोचे. लागले असते तर थोडे खरचटले असते.” भाईजान वरूनच म्हणाले, “उंची तरी कितीशी आहे?” पण त्यांची थोरली मुलगी, जी यंदा नववी पास होऊन दहावीला गेली, ती गप्प होती. थोड्या वेळाने ती वही घेऊन आमच्यापाशी आली.

“चाचा, ते खाली आले तेव्हा त्याचा वेग किती असेल? मला काढता येत नाही. किती वेळ लागला ते कुणी मोजलेच नाही ना.”

आम्ही म्हणालो, “बेटी, वेळ मोजायची गरजच नाही. उंची माहीत आहे ना? मग हिशेब मांडता येतो.”

तो हिशेब या महिन्याच्या सदरात मांडतो आहोत. तो ज्याने एकदा समजून घेतला, तो गॅलरीच्या कठड्यावर कुंडी ठेवताना, मुलाला हेल्मेट घालायला सांगताना आणि बांधकामाखालून जाताना वेगळ्या नजरेने बघेल.

हिशेबाची वही

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा आहे. त्यात ऊर्जा अक्षय्यतेचा नियम येतो. ऊर्जा नव्याने निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही. ती फक्त एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते. मुले हे वाक्य पाठ करतात, दोन गुण मिळवतात आणि विसरतात. खरे तर हा नियम म्हणजे घरखर्चाची वही आहे. एका डब्यातले पैसे दुसऱ्या डब्यात गेले तरी एकूण रक्कम तीच राहते.

कौल छपरावर आहे तेव्हा त्याची सगळी शिल्लक उंचीच्या डब्यात आहे. पुस्तकात तिला स्थितिज ऊर्जा म्हणतात. ती आली कुठून? कधी काळी कोणीतरी ते कौल डोक्यावरून शिडीने वर नेले. त्या माणसाच्या श्रमाचा एक भाग कौलाच्या खात्यात जमा झाला आणि तीस-चाळीस वर्षे तसाच पडून राहिला. कौल सुटले की ती रक्कम उंचीच्या डब्यातून वेगाच्या डब्यात जाऊ लागते. या दुसऱ्या डब्याचे नाव गतिज ऊर्जा.

उंचीच्या डब्यातली रक्कम मोजायची रीत सोपी आहे. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची. ९.८ हा आकडा पृथ्वीच्या ओढीचा. वस्तुमान किलोत आणि उंची मीटरमध्ये घेतली की उत्तर ज्यूलमध्ये येते. आपले कौल अडीच किलोचे, उंची चार मीटर. २.५ × ९.८ × ४ म्हणजे ९८ ज्यूल. सोयीसाठी शंभर म्हणू.

वेगाच्या डब्यातली रक्कम मोजायची रीत अशी : वस्तुमानाच्या निम्मे गुणिले वेगाचा वर्ग. वर्ग म्हणजे वेगाला वेगानेच गुणायचे.

आता वहीची दोन पाने शेजारी ठेवू. कौल वळचणीला, चार मीटरवर : उंचीच्या डब्यात ९८, वेगाच्या डब्यात शून्य. तीन मीटरवर आले : उंचीत साडेत्र्याहत्तर, वेगात साडेचोवीस. दोन मीटरवर : इकडे ४९, तिकडे ४९. जमिनीला टेकण्याच्या क्षणी : उंचीत शून्य, वेगात पूर्ण ९८. कुठल्याही ओळीत बेरीज करा, ९८ च येते. मध्ये किती वेळ गेला हे वहीने विचारलेच नाही.

मग शेवटच्या ओळीवरून वेग काढायचा. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची, हे वस्तुमानाच्या निम्म्या गुणिले वेगाच्या वर्गाइतके. दोन्हीकडे वस्तुमान आहे, ते कटते. उरते ते असे : वेगाचा वर्ग बरोबर दोन गुणिले ९.८ गुणिले उंची. चार मीटरला हे ७८.४ होते. त्याचे वर्गमूळ सुमारे ८.८५. म्हणजे सेकंदाला ८.८५ मीटर. ३.६ ने गुणले की ताशी सुमारे ३२ किलोमीटर.

मुलीने आकडा पाहिला आणि अंगणाकडे पाहिले. “म्हणजे रिक्षा जाते तेवढ्या वेगाने?” ती म्हणाली.

हो, तेवढ्याच. आणि त्याला लागलेला वेळ काढला तर तो एक सेकंदही भरत नाही, फक्त ०.९ सेकंद. “बाजूला हो” हे शब्द पुरे बोलून होईपर्यंत कौल खाली आलेले असते.

सोळाचा पाढा

सगळ्यांना वर्गमूळ आणि ३.६ चा गुणाकार तोंडी जमत नाही. म्हणून आम्ही घरच्यांसाठी एक सोपी रीत सांगितली. उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि १६ ने गुणा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येते. अचूक आकडा १५.९४ आहे, पण सोळा धरायला काही हरकत नाही.

एक मीटर उंचीवरून पडले तर ताशी १६ किलोमीटर.
चार मीटरवरून ३२.
नऊ मीटरवरून ४८.
सोळा मीटरवरून ६४.
पंचवीस मीटरवरून ८०.
छत्तीस मीटरवरून ९६.

हा तर सोळाचा पाढाच झाला. सोळा एके सोळा, सोळा दुणे बत्तीस. फुफीजान शाळेत चौथीपर्यंतच गेल्या, पण पाढे त्यांचे अजून पक्के. त्यांनी पुढचे आकडे आमच्या आधी सांगितले.

या पाढ्यात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. पहिला सोळा मिळवायला फक्त एक मीटर पुरतो. दुसरा सोळा मिळवायला आणखी तीन मीटर लागतात, तिसऱ्याला पाच, चौथ्याला सात. म्हणजे पडण्याच्या सुरुवातीच्या थोड्याशा उंचीतच वेगाचा मोठा वाटा येऊन जातो. आपण नेमके उलटे समजतो. “एवढ्याशा उंचीवरून काय होते” असे म्हणून तान्ह्या बाळाला पलंगाच्या कडेला झोपवतो, पंखा पुसायला डगमगत्या स्टुलावर चढतो. एक मीटरवरून पडणाऱ्याचे डोके ताशी १६ किलोमीटरने फरशीवर येते. धावत जाऊन भिंतीवर डोके आपटण्यासारखेच ते आहे.

हा पाढा उलटाही म्हणता येतो आणि तो प्रत्येक तरुणाच्या अम्मी-अब्बांनी म्हणून बघावा. वेगाला १६ ने भागा आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करा. तेवढ्या मीटर उंचीवरून पडण्याइतका तो वेग. मुलगा मुंबई-नाशिक महामार्गावर मोटारसायकल ताशी ४८ ने चालवतो. ४८ भागिले १६ तीन, तीनाचा वर्ग नऊ. नऊ मीटर म्हणजे तिसऱ्या मजल्याची उंची. ताशी ६४ म्हणजे सोळा मीटर, पाच मजले. ताशी ८० म्हणजे पंचवीस मीटर, आठ मजले. आठव्या मजल्याच्या कठड्यावर मुलगा उभा राहिला तर आई किंचाळेल. तोच मुलगा हेल्मेट हँडलला अडकवून ऐंशीने जातो तेव्हा आपण दारातून हात हलवतो.

जड आणि हलके

शेजारचे चाचा अजून आपल्या मतावर होते. ते म्हणाले, “पण हिशेबात वजन तर कुठे आलेच नाही. मग अडीच किलोचे कौल आणि पाव किलोचा कैरीचा घड सारखेच?”

प्रश्न रास्त होता. वेग सारखा, हे खरे. वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटले याचा अर्थच तो. कैरी आणि कौल एकाच उंचीवरून सोडले तर दोन्ही ताशी ३२ ने खाली येतील. पण लागणारा मार वेगाने एकट्याने ठरत नाही, खात्यातल्या एकूण रकमेने ठरतो. कौलाकडे ९८ ज्यूल आहेत, पाव किलो कैरीकडे दहाच्या आत. वेग तोच, पण रक्कम दहापट.

पडणाऱ्या वस्तूबद्दल हा विचार माणसाने फार जुन्या काळापासून केला आहे. इब्न सीना यांनी (९८० ते १०३७) फेकलेल्या वस्तूत ‘मयल’ नावाचा एक कल साठतो असे मांडले. पुढे बाराव्या शतकात बगदादचे अबुल बरकात यांनी पडणारी वस्तू खाली येता येता वेगवान का होते याचा विचार करताना सांगितले की तिच्यात हा कल टप्प्याटप्प्याने भरत जातो. त्यांचा शब्द वेगळा होता, पण वस्तू काहीतरी साठवत खाली येते ही जाणीव तीच.

युरोपात पुढे मोठा वाद झाला. चालत्या वस्तूचा जोर वेगाच्या पटीत वाढतो की वेगाच्या वर्गाच्या? हॉलंडमधील लायडनच्या ग्रावेसांदे या प्राध्यापकांनी १७२० च्या दशकात मऊ चिकणमातीवर पितळेचे गोळे टाकून पाहिले. वेग दुप्पट केला तर खड्डा दुप्पट पडायला हवा होता. तो पडला चौपट. या प्रयोगाचे महत्त्व ओळखून तो विचार फ्रान्समध्ये ठामपणे मांडला तो एका स्त्रीने. त्यांचे नाव एमिली द्यु शातले. त्या काळी मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. त्यांनी घरी गणित शिकून घेतले, १७४० मध्ये भौतिकशास्त्रावर ग्रंथ लिहिला आणि न्यूटनच्या मोठ्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर केले. १७४९ मध्ये बाळंतपणानंतर काही दिवसांतच त्यांचे निधन झाले. ते भाषांतर १७५९ मध्ये पूर्ण स्वरूपात छापले गेले आणि फ्रेंच वाचक आजही ते वापरतात. ही हकीकत आम्ही भाईजानच्या मुलीला मुद्दाम सांगितली. दहावीनंतर तिने विज्ञान घ्यावे की नाही याची त्या घरात चर्चा चालू आहे, हे आम्हांला ठाऊक होते.

रक्कम कुठे जाते?

कौल फुटले, तुकडे शांत पडले. मग ते ९८ ज्यूल गेले कुठे? वही तर सांगते की रक्कम नाहीशी होत नाही. काही कौल फोडण्यात गेले, काही आवाजात, काही माती दाबण्यात, आणि शेवटी जवळजवळ सगळे उष्णतेत. इंग्लंडच्या जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या दशकात हेच मोजले. दोरीला वजन बांधून ते खाली सोडायचे आणि त्या दोरीने पाण्यातली पंख्यासारखी पाती फिरवायची. वजन खाली आले की पाणी किंचित तापलेले असायचे. त्यांचेच नाव ऊर्जेच्या मापाला दिले आहे. ही उष्णता इतकी थोडी असते की हाताला कळत नाही. माळशेजच्या कड्यावरून शंभर मीटर कोसळणाऱ्या पाण्याची सगळी रक्कम त्याच पाण्यात राहिली असे धरले, तरी ते जेमतेम पाव अंशाने तापेल.

तीच रक्कम उष्णतेत जाऊ न देता कामाला लावली तर? आमच्या तालुक्यात भातसा धरण आहे, उंची ८८ मीटर. मुंबईच्या पिण्याच्या पाण्यातला सर्वांत मोठा वाटा येथूनच जातो. धरणातून पाणी तसेच खाली पडू दिले तर आपल्या पाढ्याने ते ताशी १५० किलोमीटरने तळाला आपटेल. पण ते नळातून चक्राच्या पात्यांवर सोडतात. तेथे १५ मेगावॉटचे वीजघर आहे. पाण्याची उंचीच्या डब्यातली रक्कम तारेत जाते आणि कुणाच्या तरी घरी पंखा फिरवते. कौल आणि धरण यांचा हिशेब एकच आहे.

आता घराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. रक्कम चुकती करावीच लागते, पण ती किती अंतरात चुकती करायची यावर मार ठरतो. कौलाला थांबायला दोन सेंटिमीटरच मिळाले, तर शंभर ज्यूल त्या दोन सेंटिमीटरमध्ये चुकते करावे लागतात. त्यासाठी लागणारा जोर पाचशे किलोच्या भाराइतका होतो. तेच कौल पेंढ्याच्या ढिगावर पडले आणि वीस सेंटिमीटर रुतले, तर जोर पन्नास किलोच्या भाराइतकाच. रक्कम तीच, हप्ते लांबले.

म्हणूनच आंबे उतरवताना झेला वापरतात. म्हणूनच क्रिकेटमध्ये झेल घेणारा हात मागे नेतो. हेल्मेटच्या आतला जाड थर ह्याच कामासाठी असतो. आपटल्यावर तो दबतो आणि डोक्याला थांबायला थोडे अधिक अंतर देतो. बाहेरचे कवच चकचकीत पण आतला थर निघून गेलेला असेल, तर ते हेल्मेट म्हणजे फक्त टोपी.

सरळांबे

ओटीवर हे बोलणे चालले असताना भाईजान छपरावरून उतरून आले होते. पाणी पिता पिता ते म्हणाले, “मग त्या रात्री सरळांब्याला काय झाले असेल?”

थोडा वेळ कोणी बोलले नाही. शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू होते. ३१ जुलै २०२३ ची रात्र संपून १ ऑगस्टची पहाट होण्याआधी, पुलाचे गर्डर बसवणारे अवजड यंत्र खाली कोसळले. वीस जण मरण पावले. त्यांतले बहुतेक दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेले कामगार आणि तंत्रज्ञ होते. मोहरमचे दिवस नुकतेच सरले होते, पावसाळा जोरात होता. आमच्या भागातल्या लोकांना ती सकाळ अजून आठवते.

बातम्यांत उंची शंभर फुटांच्या आसपास सांगितली होती. म्हणजे तीस मीटर. तीसचे वर्गमूळ साडेपाचच्या जवळ, त्याला सोळाने गुणले तर ताशी ८८ किलोमीटर. यंत्र कोसळताना त्याचे भाग वाकतात, अडकतात, त्यामुळे प्रत्येक तुकड्याचा वेग एवढाच असेल असे नाही. हा वरचा अंदाज समजावा. पण वेळेचा हिशेब अधिक बोलका आहे. तीस मीटर पडायला अडीच सेकंद लागतात. रात्रीच्या अंधारात, यंत्रांच्या आवाजात, वर काय सुटले हे कळायला आणि पळायला अडीच सेकंद. आणि वर शेकडो टनांची रक्कम उंचीच्या डब्यात साठलेली. तेथे हेल्मेटचा दोन बोटांचा थर काय करणार?

अपघात का झाला याचा निवाडा करणे हे या सदराचे काम नाही. आम्हांला दुसरेच म्हणायचे आहे. जेव्हा जेव्हा जड वस्तू वर उचलली जाते, तेव्हा तिच्या खात्यात रक्कम भरली जात असते. ती दिसत नाही, तिचा आवाज येत नाही. वर लटकलेले ओझे स्थिर असते म्हणून आपण त्याला शांत समजतो. खरे संरक्षण म्हणजे त्या खात्याखाली माणूस उभाच न करणे. जाळी, पट्टा, हेल्मेट ही त्यानंतरची पायरी.

आपल्या वाचक घरांतले कितीतरी भाऊ, मुलगे, दामाद बांधकामावर, फॅब्रिकेशनमध्ये, पत्रे ठोकण्याच्या कामात आहेत. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला होता. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी कल्याणकारी मंडळ आहे आणि तेथे नोंदणी केलेल्या कामगाराच्या कुटुंबाला अपघात झाल्यास मदत मिळते. घरातल्या स्त्रियांनी ही नोंदणी झाली आहे का आणि तिचे नूतनीकरण झाले आहे का, एवढे तरी विचारावे. “पट्टा बांधला होता का?” हा प्रश्न “जेवलास का?” या प्रश्नाइतकाच रोज विचारावा.

हिशेब कुठे चुकतो

मुलीने शेवटी एक चांगली शंका काढली. “चाचा, पाऊस तर दोन-दोन किलोमीटरवरून पडतो. मग सोळाच्या पाढ्याने तो आपल्याला गोळीसारखा लागायला हवा.”

तिने तेथेच गणित करून दाखवले. दोन हजार मीटरचे वर्गमूळ सुमारे पंचेचाळीस, गुणिले सोळा, ताशी सातशेच्या वर. प्रत्यक्षात मोठ्यात मोठा थेंब ताशी ३२ किलोमीटरच्या आसपासच येतो. मग वही चुकली का? नाही, वहीत एक डबा लिहायचा राहिला. तो हवेचा. थेंब हलका आणि त्या मानाने पसरट, त्यामुळे हवा त्याला अडवते आणि त्याच्या रकमेतला बहुतेक भाग आपल्याकडे ओढून घेते. मुरबाडच्या नाणेघाटात पावसाळ्यात वारा धबधब्याचे पाणी उलटे वर उडवतो, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हवेचा जोर वेगळा सांगायला नको. कौल, दगड, हातोडी, माणूस यांच्या बाबतीत मात्र घराच्या किंवा दहा मजल्यांच्या उंचीपर्यंत हवेचा वाटा इतका लहान असतो की आपला पाढा पुरतो.

दुसरी सूट घर्षणाची. कौल आधी छपराच्या उतारावरून घसरले, मग वळचणीवरून पडले. आढ्यापासून वळचणीपर्यंतच्या उंचीचीही रक्कम त्याला मिळाली होती, पण इतर कौलांवर घासत येताना तिचा बराचसा भाग खर्च झाला. म्हणून आम्ही चार मीटरच धरले. खरा वेग ३२ पेक्षा थोडा जास्तच असणार, कमी नाही.

शेजारचे चाचा आता काही बोलले नाहीत. उठताना त्यांनी एवढेच म्हटले, “माझ्या पडवीवर दोन कोने सैल आहेत. संध्याकाळी कोणी यायचे असेल तर या.”

दुपारी भाईजान पुन्हा छपरावर चढले. या वेळी कमरेला दोर होता आणि तो आढ्याच्या पलीकडे खांबाला बांधलेला होता. भाभींनी वळचणीपासून आठ-दहा फुटांवर अंगणात काठ्या रोवून जुन्या ओढणीची दोरी ताणली. फुफीजान पायरीवर खुर्ची टाकून बसल्या, धाकट्याचा हात हातात धरून. पोर सारखे सुटायला बघत होते. थोरलीने अंगणाच्या भिंतीवर कोळशाने मोठ्या अक्षरांत लिहिले होते : चार मीटर, बत्तीस. संध्याकाळी शेवटचे कौल बसले आणि भाईजान खाली आले, तेव्हा कुठे फुफीजानने त्याचा हात सोडला.

ते अक्षर पुसू नका, असे आम्ही निघताना सांगून आलो आहोत.

आपल्या घरात एवढे करा

गॅलरीच्या कठड्यावरची कुंडी आजच आत घ्या. तिसऱ्या मजल्यावरची कुंडी खालच्या माणसाकडे ताशी ४८ किलोमीटरने जाते. पाण्याच्या टाकीचे झाकण, सैल पत्रा, डिशचा स्टँड पावसाआधी बांधून घ्या. ईदचा चाँद बघायला मुले गच्चीवर जातात तेव्हा एक मोठे माणूस फक्त कठड्यापाशी उभे राहण्यासाठी ठेवा. शिडी धरायला दुसरे माणूस असल्याशिवाय चढू नका. वर काम चालू असेल तर खाली जागा मोकळी ठेवा. आणि पडणारी जड वस्तू हाताने झेलायला कधीच जाऊ नका, बाजूला व्हा.

मुलांसाठी प्रश्न

एका मुलाने चेंडू ताशी ३२ किलोमीटर वेगाने सरळ वर फेकला. हवेचा अडथळा सोडून द्या. चेंडू हातापासून किती मीटर वर जाईल? आणि परत हातात येताना त्याचा वेग किती असेल? वेळ मोजायची नाही, फक्त वही वापरायची. उत्तर पोस्टकार्डावर पाठवा. आकड्याबरोबर कारणही लिहा. आकडा कोणीही शेजाऱ्याचा उतरवू शकतो, कारण ज्याचे त्यालाच लिहावे लागते. पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह, उत्तर देऊ.